बोटभर ओल

अकोल्यात पावसाची तक्रार ऐकून घ्यायला माणूस मिळत नाही. उन्हाची करा, चार जण खुर्च्या ओढून बसतील, आपापल्या भागातला आकडा सांगतील, मागच्या वर्षीच्या आकड्यावरून भांडतील. उन्हाला आमच्याकडे सरकारमान्यता आहे. २०२४च्या मे महिन्यात लाट आली तेव्हा जिल्ह्यात चक्क कलम १४४ लागलं. कामगारांना प्यायला पाणी आणि पंखे द्या, शिकवणीवर्ग भर दुपारी ठेवू नका, असं त्या आदेशात होतं. पण बाहेरगावच्या लोकांनी वाचलं ते एवढंच की अकोल्यात जमावबंदी. पुण्याच्या साडूंचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "दंगल वगैरे आहे का हो?" मी म्हटलं, "नाही, सूर्य आहे."

पण जुलै महिन्यात टपरीवर उभं राहून "पावसानं आमच्या ट्रिपची पार वाट लावली" असं म्हणून पाहा. मी म्हणून पाहिलं. शेजारी उभ्या असलेल्या माणसानं बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि विचारलं, "कुठी कुठी पडला?" मी ट्रिपचं सांगायला लागलो तर तो म्हणाला, "ते राहू द्या. मूर्तिजापूर लायनीले होता का?" बारशाला जाऊन पेढा जास्त गोड झालाय म्हणणाऱ्याकडे लोक जसे पाहतात, तसे सगळे माझ्याकडे पाहत होते. शेवटी म्हटलं, लिहून तरी ठेवावं.

ट्रिप म्हणजे तरी काय, अकोल्याहून अमरावती. शंभरेक किलोमीटर. त्यातून बायकोचं माहेर. अमरावतीला आपण 'फिरायला' जातोय हे तिला पटतच नव्हतं; लग्नाआधी बावीस वर्षं ती तिथं फिरतच होती. पण मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, दोघांच्या वर्गातली पोरं सुट्टीत कुठं कुठं जाऊन आली होती, आणि आमच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत फक्त कूलरसमोर जायची पद्धत आहे. म्हणून ठरलं, जुलैतला एक शनिवार-रविवार गाठून अमरावती शहर नीट बघायचं. अंबादेवी, एकवीरा, जुन्या शहराचा परकोट, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, वडाळीचा तलाव, बांबू गार्डन आणि जमलंच तर रविवारी चिखलदरा.

तारीख मी काढली, आणि इथं एक कबुली द्यायला हवी. मृग कोरडा गेला होता. आर्द्रात पेरणीपुरता आला आणि गेला तो अठरा दिवस फिरकला नाही. आकाश निळंशार, वारा छान, धूळ बेतानं. दुबार पेरणीची हवा आणि फिरायला उत्तम हवा, ही एकच हवा असते हे मला तेव्हा कळलं, पण मी ते कोणाला बोललो नाही. मनात मात्र हिशेब चालू होता: अठरा दिवस आला नाही, अजून दोन दिवस नाही आला तर कोणाचं काय जातंय?

जात होतं मामाचं. माझा मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, दर्यापूरकडे पूर्णेकाठी राहतो. दहा एकर वावर, सगळं खारपाणपट्ट्यात. माती काळीभोर, दिसायला लोण्यासारखी, पण खाली पाणी लागतं ते खारं. विहीर खणून पीक भिजवता येत नाही, तहानही भागत नाही. वरून पडेल तेच आपलं. ओली असली की ती माती पाय सोडत नाही आणि वाळली की भेगेत तांब्या पडला तर सापडत नाही. सोयाबीन आणि पराटी, म्हणजे कपाशी, चार पानांवर येऊन उभी होती, पुढं जावं की मागं फिरावं अशा विचारात. मामाचा रोज संध्याकाळी आईला फोन. "आज निरा आभाय आलं अन् गेलं." दुसऱ्या दिवशी, "आज आभायही नाई आलं." भेंडवळच्या घटमांडणीत यंदा पावसाचं काय भाकीत निघालं ते तो पुन्हा पुन्हा सांगायचा, पंचांगात नक्षत्राचं वाहन कोणतं ते सांगायचा, आणि शेवटी मला उद्देशून, "पोराईले घेऊन चालला म्हंते फिराले? जा जा. हवा चांगली हाय फिराची." हे तो रागानं म्हणत नव्हता. त्यामुळं जास्त लागायचं.

बुधवारी संध्याकाळचा फोन ठेवला आणि आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या अंबादेवीपुढं हात जोडले. "अंबामाय, पानी पाड वो. शनवारी येऊनच रायलो आम्ही. तुही ओटी भरीन."

म्हणजे एकाच घरातून एकाच आठवड्यात दोन उलटसुलट अर्ज गेले होते. माझा तोंडी, निनावी. आईचा देवीच्या नावानिशी, खण-नारळासकट. शुक्रवारी रात्री साडेअकराला मागच्या पत्र्यावर पहिला थेंब वाजला तेव्हाच मला निकाल कळला.

पहाटेपर्यंत झड लागली. झड म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगावं लागतं. जोराचा नाही, थांबत नाही, विजा नाहीत, वारा नाही; नुसतं आभाळ उतरून गावात मुक्कामाला येतं. मी दाराशी उभं राहून म्हटलं, "पुढच्या शनिवारी जाऊ." आई नवं लुगडं नेसून तयार होती. "देवीनं तिचं काम केलं ना? आता आपून नाई गेलो त उधारी राह्यते." उधारी ठेवायची नाही हा आईचा नियम किराण्याच्या दुकानापासून अंबादेवीपर्यंत सारखाच आहे. नवस केला नसता तर ट्रिप रद्द झाली असती. नवस केला नसता तर पाऊसच आला नसता, म्हणजे ट्रिप झाली असती. या विचाराला गोल गोल फिरवत मी डिकी भरली.

आमची गाडी चौदा वर्षांची. मे महिन्यातल्या उन्हानं तिच्या वायपरचं रबर करंजीसारखं कडक झालेलं. बोरगाव मंजूच्या अलीकडे 'कट्' असा आवाज आला आणि माझ्या बाजूचा वायपर काचेवर आडवा पडला तो उठलाच नाही. डाव्या बाजूचा मात्र खर्र-खट्ट, खर्र-खट्ट करत इमानानं चालू. डाव्या बाजूला पुढं आई, कारण तिला गाडी लागते. म्हणजे स्टिअरिंग माझ्या हातात आणि रस्ता आईच्या ताब्यात. गाडी कडेला लावून पाऊस ओसरायची वाट पाहायची, हे शहाण्या माणसाचं काम होतं. बायकोनं ते सुचवलंही. अर्धा तास पाहिलं. झड ओसरत नसते. मग वीसच्या वर काटा न्यायचा नाही, डावी कड सोडायची नाही, असा ठराव करून पुढं निघालो.

"टरक हाय," आई म्हणाली.

"किती लांब?"

आईनं काचेतून नीट पाहिलं. "आपल्या घरापासून चक्कीपर्यंत."

आई जन्मात गाडी शिकली नाही, पण जठारपेठेतली सगळी अंतरं तिला पायांनी पाठ आहेत. चक्की म्हणजे दीडेकशे पावलं. मी वेग तसाच ठेवला.

"आता?"

"आता देशपांडे बाईच्या फाटकापर्यंत."

"आता?"

"आता आपल्या तुळशीपर्यंत आला, थांब बाप्पा!"

मूर्तिजापूरपर्यंत आम्ही असे जठारपेठेतून गेलो. मागं मुलाचं सामान्यज्ञान चालू होतं. याच महामार्गावर २०२२च्या जूनमध्ये लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा एक पदर सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून काढला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली, त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा, हे त्याला तोंडपाठ. त्यानं वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला आणि जाहीर केलं, "बाबा, ते ताशी जवळजवळ पाऊण किलोमीटर रस्ता बनवत होते. आपण त्यांच्यापेक्षा फास्ट आहोत." मला जरा धीर आला.

तेवढ्यात मामाचा फोन. बायकोनं स्पीकरवर टाकला.

"कुठी हायेस?"

"बोरगावच्या पुढं."

"पानी?"

"धो धो," मी वैतागून म्हणालो. "काही दिसत नाही, मामा. सगळ्या ट्रिपचा..."

"ओल किती गेली?"

"अं?"

"अबे, जमिनीत ओल किती गेली? बोटभर का वितभर? उतर अन् पाह्य बरं."

मी म्हटलं, मामा, महामार्ग आहे, पाऊस आहे, लहान मुलं आहेत. मामा काहीच बोलला नाही. फोनवरची ती शांतता ओळखीची होती. अठरा दिवस रोज संध्याकाळी ती आमच्या घरात येत होती. आई म्हणाली, "थांबव गाडी."

छत्री घेऊन उतरलो, चर ओलांडून शेजारच्या वावरात पाय ठेवला. पहिल्या पावलाला बुटाला माती लागली. दुसऱ्या पावलाला त्या मातीला माती लागली. पाचव्या पावलापर्यंत मी माझ्या मापाचा राहिलो नव्हतो, पायात दोन पाट्या बांधून चालल्यासारखा झालो होतो आणि सहाव्याला उजवा पाय वर आला, बूट खालीच राहिला. तसाच एका पायावर वाकलो, पराटीच्या तासाशेजारी बोट खुपसलं. गार, मऊ, लोण्यात बोट जावं तसं गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत ओलं, खाली कोरडं आणि अजून कोमट. मे महिन्याचं ऊन तिथं खाली अजून बसलेलं होतं.

"साहेब," मागून आवाज आला. डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ घेतलेला एक म्हातारा उभा होता. "इम्याचे हाये का?"

पीकविम्याचा माणूस समजला. मी नाही म्हटलं.

"मंग पंचनाम्याचे? अजून त काई बुडालं नाई साहेब, आताच त आला." त्याला वाटलं सरकार यंदा फारच लवकर आलं.

मी त्याला खरं काय ते सांगितलं: मामा, दर्यापूर, अठरा दिवस, बोट. तो जराही हसला नाही. माझ्या हातातली छत्री काढून घेतली, मिटवली, तिचं टोक चार ठिकाणी खुपसून पाहिलं आणि म्हणाला, "दोन पेरं. त्याईले सांगजा, संध्याकायपर्यंत चार होते." मग माझा बूट उपटून दिला. "चाललं कुठी?"

"अमरावतीला. फिरायला."

"चांगल्या दिवशी निघाले," तो म्हणाला आणि अगदी मनापासून म्हणाला.

मूर्तिजापुरात चहाला थांबलो तेव्हा आईला शकुंतला आठवली. यवतमाळ ते मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर, कापूस वाहायला टाकलेली ती छोट्या रुळांची गाडी. आई माहेरी जायची ती तिनंच. उतारू वाटेत उतरून बोरं तोडायचे आणि धावत जाऊन परत चढायचे, असं ती सांगते. सगळेच सांगतात, शकुंतलेत बसलेल्या प्रत्येक माणसानं बोरं तोडलेली आहेत. आता गाडी बंद पडून कित्येक वर्षं झाली. "तिले वायपर नोयता," आई म्हणाली. "तरी जात होती."

अमरावतीत शिरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. राजापेठेत मेव्हण्याकडे कपडे बदलले आणि जेवण व्हायच्या आत आई ओटीचं ताट घेऊन उभी. मेव्हणा शाळेत मास्तर आहे, पण अर्धा जीव त्याचा नांदगावकडच्या तीन एकरात असतो. वऱ्हाडात नोकरदार म्हणजे ज्याचं वावर दुसरा कोणी पाहतो तो. मी दारातच म्हणालो, "काय हे हवामान!" तो म्हणाला, "हो ना भाऊजी, तुमचा पायगुण!" आणि माझ्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. रस्ता, वायपर, बूट, सगळं सांगायचं राहून गेलं.

अंबादेवीच्या रांगेत गुडघ्याखाली पाणी आणि डोक्यावर ताडपत्री. रुक्मिणी लग्नाआधी या देवीच्या दर्शनाला आली आणि श्रीकृष्णानं तिला इथूनच रथात घालून नेलं, अशी इथली कथा. मेव्हण्यानं मुलांना ती रंगवून सांगितली. रुक्मिणीचं कौंडिण्यपूर इथून चाळीसेक किलोमीटर, आणि देवळापासून तिथपर्यंत भुयार आहे म्हणतात, हेही सांगितलं. मुलाचा चेहरा पडला. "मग आपण भुयारानं का नाही आलो?" मुलीला वेगळीच शंका, "रथाला टप होता का?" कृष्णानं कोरडा दिवस पाहिला असणार, यावर दोघांचं एकमत झालं. याच देवळाची दारं सगळ्यांना उघडावीत म्हणून पंजाबराव देशमुखांनी १९२७ साली सत्याग्रह केला होता. मी हे सांगायला आणि मेव्हण्याला चेव यायला एकच गाठ पडली. "पंजाबराव आमचे! पापळचे, अमरावती जिल्ह्यातले!" मी म्हटलं, "असतील, पण त्यांच्या नावाचं कृषी विद्यापीठ अकोल्याला आहे, १९६९ पासून." हे भांडण वऱ्हाडात जुनं आहे. इंग्रजांनी प्रांताचे दोन तुकडे केले तेव्हा पूर्व वऱ्हाडाचं ठाणं अमरावती आणि पश्चिमेचं अकोला. तेव्हापासून आम्ही एकमेकांचं ताट पाहत जेवतो. त्यांना विभागीय आयुक्त मिळाले, १९८३ मध्ये दुसरं विद्यापीठ मिळालं. आम्हाला ऊन मिळालं.

गाभाऱ्यात आईनं ओटी भरली. ती देवीशी काय बोलली ते सगळं ऐकू आलं नाही, शेवटचं तेवढं आलं, "...पन माह्या भावाकडे अजून नाई पोचला वो. उलीसा तिकडेही पाह्य." म्हणजे हिशेब पुरा झालाच नव्हता. ओटी ही नुसती इसाऱ्याची रक्कम होती.

बाहेर आलो तर चपलांच्या ढिगातून पाणी वाहत होतं आणि आईची एक चप्पल नव्हती. ओटीचं सामान विकणाऱ्या बाईनं ती खालच्या पायरीवर अडलेली शोधून आणून दिली आणि म्हणाली, "कुठचे तुम्ही? अकोल्याचे? पानी घेऊन आले वो माय, बरं केलं." मी तिच्याकडे चपलेबद्दल कुरकुर करणार होतो. दहा रुपयांचं कुंकू घेतलं.

शहरदर्शनाचा पुढचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण दिसलं थोडक्यातच. वडाळीला बोटी उलट्या करून ठेवलेल्या. बांबू गार्डनमध्ये बांबू होते आणि ते आमच्यापेक्षा आनंदात होते. एकवीरेचं दर्शन आईनं घेतलं, आम्ही कळस पाहिला. व्यायाम मंडळासमोर गाडी थांबवून मी काच खाली न करता माहिती दिली: १९१४ची स्थापना, इथली पोरं १९३६ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन मलखांब-कबड्डी दाखवून आली. मुलगा म्हणाला, "तिथं पाऊस नव्हता?" या प्रश्नावर माझी माहिती संपली.

नीट पाहायला मिळालं ते जवाहर गेट, आणि तेही त्याखाली पाऊण तास उभं राहावं लागलं म्हणून. अमरावतीच्या परकोटाला पाच दरवाजे आणि चार खिडक्या. पेंढाऱ्यांच्या धाडींपासून इथल्या सावकार-व्यापाऱ्यांना वाचवायला निजामाच्या राज्यात १८०७च्या सुमारास भिंत उभी राहिली. वर कमान, आजूबाजूला दगडी भिंतीची जाडी. तिथं आमच्यासारखे पंधरा-वीस जण, दोन स्कूटर, एक शेळी आणि एक फुगेवाला अडकलेले. दगडांच्या सांध्यातून एक बारीक धार नेमकी माझ्या कॉलरवर. पेंढारी आत शिरले नसतील, पाणी शिरलं. मी सरकलो तर धार सरकली. शेळी मात्र कोरडी होती. तिला जागा माहीत होती. मी हळूहळू तिच्या शेजारी गेलो तर तिनं माझ्या हातातल्या नकाशाचा बडनेऱ्याकडचा कोपरा खाल्ला. मामाचा फोन तिथंही आला. "अमरावतीत किती?" मी म्हटलं, इथं सगळा डांबरी रस्ता, बोट कुठं घालू? मामा म्हणाला, "मंग पनाळ पाह्य. धार करंगयीएवढी हाय का मनगटाएवढी?" मी कॉलरमधली चाचपून म्हणालो, "करंगळी."

संध्याकाळी गिला वडा. अमरावतीला येऊन तो खाल्ला नाही तर ट्रिप धरत नाहीत. डाळीचा वडा, भिजवून मऊ केलेला, वर दही, चिंचेची चटणी, तिखट. हातगाडीवर प्लास्टिकखाली उभं राहून खाताना ताटलीत चार थेंब पडले आणि कोणालाच काही फरक पडला नाही. त्या दिवसात पावसानं बिघडवता न आलेली अमरावतीतली ही एकच वस्तू, कारण ती आधीच गिली होती. मी दोन प्लेट खाल्ल्या. पुण्याहून आलेलं एक जोडपं शेजारी समोसा खात होतं, त्यातल्या बाईनं गाडीवाल्याला विचारलं, "सांबार आहे का?" त्यानं वऱ्हाडी अर्थ धरून मूठभर कोथिंबीर टाकली. आम्ही कोणी मध्ये पडलो नाही.

रविवारी सकाळी मेव्हणा म्हणाला, "चला, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो." भर पावसात पंधरा किलोमीटर नेऊन त्यानं बेलोऱ्याचा विमानतळ दाखवला. १६ एप्रिल २०२५ला इथून मुंबईचं पहिलं प्रवासी विमान उडालं. आमच्या अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी किती वर्षं लांब व्हायची थांबलीय ते मी सांगत नाही, वय कळतं. पावसातून एवढंच दिसलं: कुंपण, फाटक, आणि मेव्हण्याचा अभिमान. "दिसतंय का, भाऊजी?" तो पुन्हा पुन्हा विचारत होता. अभिमान स्वच्छ दिसत होता. चिखलदरा मात्र आम्ही न जाताच पाहिला. वरच्या मजल्यावरचे शेजारी आदल्या दिवशी जाऊन आले होते, त्यांनी मोबाइल पुढं केला. "हा देवी पॉइंट." पांढरं. "हा पंचबोल." पांढरं. "हा गाविलगड, १८०३ला इंग्रजांनी जिंकला तो." हे जरा करड्या छटेचं पांढरं. बायको म्हणाली, "आपल्या घरच्या भिंतीचा फोटो काढू," आणि तो विषय मिटला.

दुपारी निघायच्या वेळी मामाचा फोन. या वेळी त्यानं कुठं किती विचारलं नाही.

"आमच्या इकडे नाई आला," तो म्हणाला. "दर्यापुरात आला, लाखपुरीले आला, नदीच्या त्या बाजूनं आला. गावावर आभाय आलं, पाचेक मिनिटं उभं राह्यलं अन् गेलं." मग थोडं थांबून, जरा लाजत, "बाबू, तुम्ही जिथी जाता तिथी पडून रायला ना तो? मंग... इकडूनच या ना."

म्हणजे आता आम्ही पर्यटक राहिलो नव्हतो. एके काळी गावात पोरं धोंडी काढून घरोघर पाणी मागत फिरायची, तसे आम्ही पाच जण, चौदा वर्षांची गाडी आणि एक वायपर. वलगावला पेढी नदी ओलांडली. १९५६च्या डिसेंबरात गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच वाटेवर, अमरावतीला येताना. पेढी गढूळ, काठोकाठ. आई म्हणाली, "टरक," मग, "चक्कीपर्यंत." आणि मग दर्यापूर मागं पडलं तसं तिचं बोलणंच थांबलं, कारण काच कोरडी झाली होती. मलाही दिसायला लागलं. रस्ता, बाभळी, धूळ. दोन दिवसांत पहिल्यांदा मला लख्ख दिसत होतं आणि गाडीत कोणी आनंदानं एक शब्द बोललं नाही.

मामा फाट्यावर उभा होता. आधी आमच्याकडे आणि मग आमच्या मागं आभाळाकडे पाहिलं. मागं काही नव्हतं. मामीनं वांग्याची भाजी आणि रोडगे केले होते, अंगणात घरातली सगळी भांडी मांडून ठेवली होती: घमेली, बादल्या, पातेली, एक पाळणासुद्धा, का ते विचारायचं धाडस झालं नाही. जेवताना चारदा शेजारपाजारचे डोकावून गेले. "आले का?" म्हणायचे, आणि आम्हाला बघूनही "नाई आले वाटते" असे परत जायचे. दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर अतिवृष्टी, ६४ पडला तर नुसता चिखल, हा सरकारी हिशेब मामानं मुलाला समजावून सांगितला. मुलानं विचारलं, "आणि शून्य पडला तर?" मामा म्हणाला, "मंग जेव बापा, रोडगा थंडा होते."

सीटा भिजून कुबट वास येत होता म्हणून रात्री गाडीच्या चारही काचा खाली करून ठेवल्या. वरती चांदणं इतकं स्वच्छ की मला लाज वाटली. खाटेवर पडल्या पडल्या मी, आयुष्यात पहिल्यांदा, कॅलेंडरातल्या देवीला नावानिशी हाक मारली. ओटीचं काही बोललो नाही. ते आमच्यात आई पाहते.

अडीचच्या सुमारास पातेल्यात 'टण्' झालं. मग घमेल्यात. मग सगळ्यांत. मी उठून धावलो ते गाडीकडे. मामा अंगणात बनियनवर उभा होता, हात खाली सोडून, तोंड वर. त्यानं माझा दंड धरला.

"कायले धावतं?"

"काचा उघड्या आहेत मामा, सीटा भिजतील!"

"भिजू दे ना." त्यानं गाडीचं दार उघडलं, आत वाकला आणि ड्रायव्हरच्या पायापाशी, रबराच्या मॅटवर साचलेल्या पाण्यात हलकेच बोट टेकवलं. अंगठ्यानं माप धरून ते बोट बॅटरीच्या उजेडात मला दाखवलं. पहिलं पेर पुरतं ओलं.

"गाडीत एवढं," तो म्हणाला. "वावरात किती असंन?"

मी काही बोललो नाही. बूट घालायच्या भानगडीत न पडता अनवाणी निघालो, मामाच्या मागं, घराला लागूनच्या तासांकडे. आई दारात आली. "अरे, छत्री त घेऊन जा दोघं!"

"कायले?" आम्ही दोघंही म्हणालो.